‘नेव्हरमाइंड’चा आवाज आणि तुमचे दोन लाख

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरचा चार जणांचा बँड. पहिली पाच गाणी घरच्या खोलीत रेकॉर्ड केली, ती आता कच्ची वाटतात. दुसऱ्या अल्बमसाठी दोन लाख रुपये जमवलेत आणि निर्वाना या अमेरिकी रॉक बँडच्या ‘नेव्हरमाइंड’ या अल्बमसारखा आवाज हवा आहे. गिटारवादक म्हणतो, तो अल्बम चालला तो चकचकीत मिक्समुळे (मिक्स म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र बसवणं) आणि एमटीव्हीमुळे. खुद्द त्यांच्या गायक-गिटारवादक कर्ट कोबेनला नंतर त्याची लाज वाटली, तेव्हा आपण कच्चंच राहू. ड्रमरला मोठा स्टुडिओ आणि नावाजलेला मिक्स इंजिनिअर हवा. बरोबर कोण?

पुण्यात सव्वीस वर्षं रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करतोय. या अल्बमबद्दल हा वाद माझ्या कंट्रोल रूममध्ये इतक्या वेळा झालाय की एकदा नीट लिहूनच टाकतो. तुम्ही दोघंही अल्बमच्या शेवटच्या काही महिन्यांबद्दल बोलताय. मिक्स, व्हिडिओ, चार्ट हे सगळं खरंच घडलं. पण त्या मिक्सला धरून ठेवण्यासारखं जे काही टेपवर होतं, ते आधीच्या वर्षभरात तयार झालं होतं. मला त्या वर्षाबद्दल जास्त बोलायचं आहे.

निर्वानाचा पहिला अल्बम ‘ब्लीच’ जून १९८९ मध्ये ‘सब पॉप’ या सिॲटलच्या छोट्या कंपनीने काढला. रेकॉर्डिंग जॅक एंडिनोने केलं आणि सगळा खर्च ६०६ डॉलर १७ सेंट. म्हणजे तुमच्या पहिल्या पाच गाण्यांसारखीच गोष्ट: पैसे नाहीत, वेळ नाही, पण भूक आहे. त्यानंतर एप्रिल १९९० मध्ये हा बँड विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन गावी ‘स्मार्ट स्टुडिओज’मध्ये बुच विग या निर्मात्याकडे गेला. तेव्हा ड्रमवर चॅड चॅनिंग होता. तिथे जी गाणी झाली त्यांत ‘इन ब्लूम’, ‘लिथियम’, ‘पॉली’ होती, ‘ब्रीड’ आणि ‘स्टे अवे’ वेगळ्या नावांनी होती. नेव्हरमाइंडवरची बारापैकी पाच गाणी अल्बमच्या वर्षभर आधी एकदा स्टुडिओतून जाऊन आली होती! ती टेप हातोहात फिरली, मोठ्या कंपन्यांचं लक्ष गेलं, आणि बँडला स्वतःची गाणी बाहेरच्या माणसासारखी ऐकायला मिळाली. कुठलं कडवं लांबतंय, कुठे धृपद लवकर यायला हवं, हे स्वतःची टेप महिनोन्‌महिने ऐकल्याशिवाय कळत नाही.

सप्टेंबर १९९० मध्ये चॅनिंगच्या जागी डेव्ह ग्रोल ड्रमवर आला. त्याचा हात चॅनिंगपेक्षा कितीतरी जड, पण त्याने जुन्या गाण्यांवर स्वतःची कारागिरी दाखवायचा हट्ट धरला नाही. ‘इन ब्लूम’चे ठोके बरेचसे चॅनिंगने बसवलेलेच आहेत. ग्रोलने ते दुप्पट जोराने आणि दर वेळी तसेच्या तसे वाजवले. तुमच्या ड्रमरला हे आवर्जून सांगा. मग टॅकोमात तालमी. ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ लोकांसमोर पहिल्यांदा वाजलं ते १७ एप्रिल १९९१ ला सिॲटलच्या ‘ओके हॉटेल’मध्ये, म्हणजे रेकॉर्डिंगच्या जेमतेम दोन आठवडे आधी. विगला त्यांनी तालमीची एक कॅसेट पाठवली होती, साध्या टेपरेकॉर्डरवर भरलेली आणि फाटलेल्या आवाजाची. त्या फाटक्या आवाजातूनही गाणं काय आहे ते त्याला कळलं. ही मला आजही सगळ्यात भरवशाची परीक्षा वाटते. तालमीत मोबाइल जमिनीवर ठेवून भरलेलं तुमचं गाणं जर चढतच नसेल, तर महागडा मायक्रोफोन ते फक्त स्पष्ट ऐकवेल.

मे १९९१ मध्ये लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइस भागातल्या ‘साउंड सिटी’त काम सुरू झालं. बाहेरून गोदामासारखी जागा, आत मात्र नीव्ह ८०२८ हा कन्सोल (सगळे माइक जिथे जोडले जातात ते मिक्सिंगचं टेबल) आणि ड्रमला फुलवणारी मोठी खोली. सुरुवातीचं बजेट ६५ हजार डॉलर. आता हे नीट वाचा: बहुतेक गाण्यांचे मूळ ट्रॅक दोन-तीन टेकमध्ये, म्हणजे गाणं सलग वाजवण्याच्या दोन-तीन प्रयत्नांत, झाले. ‘टीन स्पिरिट’चे तीन टेक घेतले आणि दुसरा ठेवला. बास आणि ड्रम काही दिवसांत उरकले. उरलेला वेळ कोबेनच्या गिटारचे थर, गायन आणि शब्द यांना गेला, कारण काही ओळी तो माइकसमोर उभा राहायच्या थोडाच वेळ आधी पूर्ण करत होता. सगळं आधी ठरलेलं असावं असं मी म्हणत नाही. ठोका, चाल आणि गाण्याची बांधणी ठरलेली असली की शब्द शेवटच्या घटकेपर्यंत मोकळे ठेवता येतात. उलट बाजूने ते जमत नाही.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक बँड दहा दिवसांचे पैसे भरून आला होता. पहिले चार दिवस दुसऱ्या कडव्यात ड्रम कसा वाजवायचा याच्या वादात गेले. पाचव्या दिवशी गायकाचा घसा बसला. मिक्सला दोन दिवस उरले. गाणी चांगली होती, मुलं गुणी होती, आणि त्या अल्बमवर मी आजही समाधानी नाही. त्यांना पहिल्याच दिवशी परत पाठवून ‘महिनाभर तालीम करून या’ असं सांगणं माझं काम होतं. ते मी केलं नाही.

आता आवाजाच्या मुद्द्यावर येतो, कारण तुम्ही त्यासाठीच विचारलंय.

नेव्हरमाइंडची गिटार जाड लागते ती डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका करणं) जास्त आहे म्हणून, असा सगळ्यांचा समज असतो. जाडी येते ती दुहेरी वाजवण्याने. तोच भाग पुन्हा पहिल्यापासून वाजवायचा, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्हींत केसाएवढा फरक राहतो आणि कानाला भिंत उभी राहिल्यासारखं वाटतं. कॉपी-पेस्ट करून हे होत नाही, कारण कॉपीत तो फरकच नसतो. कोबेनला हा प्रकार खोटेपणाचा वाटायचा. विगने त्याला सांगितलं की जॉन लेननही स्वतःचा आवाज दुहेरी रेकॉर्ड करायचा, आणि लेननचं नाव ऐकल्यावर तो तयार झाला. ‘ड्रेन यू’च्या वेळी तर विगने काहीतरी तांत्रिक सबब सांगून त्याच्याकडून गिटार पुन्हा पुन्हा वाजवून घेतली आणि ते सगळे थर ठेवून दिले. मी स्वतः वादकाशी असं खोटं बोलत नाही. पण त्याने तसं का केलं हे मला पक्कं समजतं.

गायनाचंही तसंच. विगला कोबेनकडून एका गाण्याचे तीन, फार तर चार टेक मिळायचे, कारण त्या ओरडण्यापुढे घसा टिकत नसे. तरी विगला वेगवेगळ्या टेकमधले तुकडे जोडता आले, एकावर एक ठेवता आले. कोबेनचा शब्द टाकण्याचा वेळ दर टेकला इतका सारखा असे की जोड कळत नसे. पंक, म्हणजे कच्चं, जोरकस रॉक, हे बेशिस्तच असं ज्यांना वाटतं त्यांनी हेडफोन लावून ‘इन ब्लूम’चं धृपद ऐकावं. डेव्ह ग्रोलचा वरचा आवाज कोबेनच्या आवाजाला किती नेमका चिकटलाय ते ऐका. आपल्याकडे भजनी मंडळात टाळकरी जसा मुख्य गायकाच्या तोंडाकडे बघून ओळ उचलतो, तसा तो एकजीव झालाय.

पण माझ्या मते या अल्बमची खरी ताकद मांडणीत आहे. हळू कडवं आणि एकदम फुटणारं धृपद. हा घाट ‘पिक्सीज’ या बँडचा, आणि त्यांच्यासारखं गाणं लिहायचा प्रयत्न करत होतो हे कोबेनने उघड कबूल केलं होतं. ‘टीन स्पिरिट’मध्ये कडव्याला आणि धृपदाला कॉर्ड तेच चार आहेत. सूर बदलत नाही, बदलते ती गर्दी. कडव्यात गिटार फक्त दोन स्वर वाजवते, ते सुद्धा ‘कोरस’ नावाच्या पेडलमधून (आवाज बदलणारी, पायाने चालवायची डबी) पाण्याखाली असल्यासारखे. सगळी चाल क्रिस्ट नोव्होसेलिकच्या बासवर चालते. मग पेडलवर पाय पडतो आणि भिंत येते. ती भिंत मोठी वाटते कारण आधी तिथे मोकळं मैदान होतं. तुमच्या पाठवलेल्या गाण्यांत पहिल्या सेकंदापासून दोन्ही गिटार पूर्ण जोरात आहेत. धृपद आलं तरी जायला जागाच उरत नाही. कच्चेपणाचा दोष नाही तो, मांडणीचा आहे, आणि तो दुरुस्त करायला एक रुपयाही लागत नाही. दुसऱ्या आणि चौथ्या गाण्याच्या कडव्यात एक गिटार पूर्ण काढून बघा.

वेगाबद्दलही एक गोष्ट. ‘लिथियम’ वाजवताना बँड पळायला लागायचा, म्हणून विगने ग्रोलला क्लिकवर, म्हणजे हेडफोनमधल्या ठरावीक टिकटिकीवर, वाजवायला लावलं. ग्रोलसारख्या ड्रमरच्या मनाला ते लागलं, पण गाणं त्या लयीतच बसायला हवं होतं. आणि त्याच अल्बमवर ‘टेरिटोरियल पिसिंग्ज’मध्ये गिटार अँपशिवाय (अँप म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा डबा) सरळ कन्सोलला जोडलेली आहे, अंगावर येणारी, खरखरीत. प्रत्येक गाण्याला काय हवं ते वेगळं ठरवलं गेलं. म्हणून ‘नेव्हरमाइंडचा आवाज’ असा एकच आवाज नाहीच मुळी.

आता मिक्स, म्हणजे तुमच्या दोघांच्या भांडणाचं मूळ. विग आणि बँडने आधी स्वतः मिक्स केलं, ते जमेना. त्यांच्या नव्या, मोठ्या रेकॉर्ड कंपनीने मिक्स इंजिनिअरांच्या नावांची यादी दिली आणि कोबेनने अँडी वॉलेस निवडला, कारण त्याने ‘स्लेयर’ या हेवी मेटल बँडचं काम केलं होतं. म्हणजे गुळगुळीतपणासाठी नव्हे, वजनासाठी. वॉलेसने साधारण दिवसाला एक गाणं या गतीने काम केलं. ग्रोलच्या किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि स्नेअर (करकरीत वाजणारा मधला ड्रम) यांच्या खाली सँपल, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेले तयार ठोके, मिसळले, खोलीचा आभास वाढवला, गिटारचे थर रुंद मांडले आणि गायकाचा आवाज त्या सगळ्याच्या मधोमध उभा केला.

त्याचा परिणाम मी स्वतः अनुभवलाय. भारतात स्टार टीव्हीच्या डिशवरून एमटीव्ही यायला लागलं ते १९९१ मध्येच. आमच्या गल्लीत केबल आधी शेजारच्या घरी आली. मी ‘टीन स्पिरिट’ पहिल्यांदा ऐकलं ते त्यांच्या टीव्हीच्या एकुलत्या एका स्पीकरवर, तेही हळू आवाजात, कारण आत कुणीतरी झोपलं होतं. तरी स्नेअरचा प्रत्येक ठोका छातीत लागला होता. पुढे या धंद्यात आल्यावर कळलं की हे योगायोगाने झालेलं नाही. गायन आणि स्नेअर मधल्या पट्टीत इतके पक्के बसवलेत की स्पीकर कितीही हलका असो, गाण्याचा कणा ऐकू येतोच. तुमचा श्रोता मोबाइलवर आणि स्वस्तातल्या ब्लूटूथ स्पीकरवर ऐकणार आहे. वॉलेसकडून शिकायचं ते हे.

सँपलचं मात्र जपून. मीही एका काळात प्रत्येक स्नेअरच्या जागी तयार सँपल टाकत होतो. एका चांगल्या ड्रमरचे सगळे हलके, चोरटे ठोके मी असे पुसून टाकले आणि त्याच्या चेहऱ्यावरून ते मला कळलं. वॉलेसने सँपल खाली मिसळले, खऱ्या ठोक्याच्या जागी नाही बसवले. आणि ग्रोलचा ठोका मुळात तसा होता म्हणून ते शोभले.

गिटारवादकाचा दुसरा मुद्दा, कोबेनची लाज. तो पुढे म्हणाला हे खरं आहे की हा अल्बम पंकपेक्षा ‘मॉटली क्रू’ या चकचकीत मेटल बँडच्या अल्बमला जवळचा वाटतो. पण मिक्स पहिल्यांदा ऐकले तेव्हा बँडला ते आवडले होते, आणि वॉलेसची निवड तर कोबेनचीच. लाज आली ती अल्बम घराघरांत पोचल्यावर, ज्यांच्यापासून तो पळत होता तेच लोक ही गाणी ओरडायला लागल्यावर. मला त्याचं ते दुःख खोटं वाटत नाही. पुढचा अल्बम ‘इन युटेरो’ त्यांनी फेब्रुवारी १९९३ मध्ये मिनेसोटात स्टीव्ह अल्बिनी या रेकॉर्डिंग इंजिनिअरकडे केला, मुद्दाम उघडा, खडबडीत. आणि तिथेही ‘हार्ट-शेप्ड बॉक्स’ आणि ‘ऑल अपॉलॉजीज’ ही गाणी नंतर स्कॉट लिटकडून पुन्हा मिक्स करून घेतली. म्हणजे कच्चं की चकचकीत हा प्रश्न त्यांनाही शेवटपर्यंत सुटला नव्हता. तुमच्या गिटारवादकाने कोबेनचं एक वाक्य घेऊन तो सुटला असं धरू नये.

यशाच्या बाकीच्या कारणांवर फार वेळ घालवत नाही, कारण त्यांतलं तुमच्या हातात काही नाही. अल्बम २४ सप्टेंबर १९९१ ला आला. अमेरिकेतल्या दुकानांत सुरुवातीला ४६,२५१ प्रती गेल्या, चार्टवर पहिली जागा १४४ वी. कंपनीला अडीच लाख प्रती खपल्या असत्या तरी आनंद होता, आणि त्यांचा भरवसा ‘कम ॲज यू आर’वर होता. ‘टीन स्पिरिट’ हे नुसतं रस्ता तयार करायला आधी सोडलेलं गाणं. सॅम्युअल बायरने केलेला व्हिडिओ एमटीव्हीने रात्रीच्या पर्यायी रॉकच्या कार्यक्रमात दाखवला, मग दिवसा दाखवायला लागले. त्याच वर्षी मे महिन्यात चार्ट काढणाऱ्या ‘बिलबोर्ड’ या नियतकालिकाने विक्री मोजायची पद्धत बदलली होती. दुकानदारांच्या सांगण्याऐवजी बारकोडवरची खरी विक्री मोजली जाऊ लागली, आणि अशा बँडचा खप किती आहे ते पहिल्यांदा आकड्यांत दिसलं. ११ जानेवारी १९९२ च्या चार्टवर नेव्हरमाइंडने मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला खाली ढकलून पहिला नंबर घेतला. यातलं काहीच विग, वॉलेस किंवा बँडने ठरवलेलं नव्हतं. त्यांनी एवढंच केलं होतं की दार उघडलं तेव्हा गाणी तयार होती.

तर पैशांचं. मोठ्या नावाच्या मिक्स इंजिनिअरवर निम्मे पैसे घालू नका. दोन महिने तालीम करा, आठवड्यातून चार दिवस, शक्यतो संध्याकाळी एकाच वेळी. दर रविवारी सगळी गाणी मोबाइलवर एका टेकमध्ये भरा आणि सोमवारी न बोलता ऐका. निदान तीन-चार ठिकाणी लोकांसमोर वाजवा, कॉलेजचं गॅदरिंगही चालेल. मग ज्या स्टुडिओत ड्रमसाठी खरोखर चांगली खोली आहे तिथे तीन दिवस घ्या आणि त्यांत फक्त ड्रम आणि बास करा. ड्रमची कातडी नवी लावा, प्रत्येक गाण्याआधी ट्यून करा. यावर कंजुषी केली तर ती मिक्समध्ये भरून निघत नाही. गिटार घरीच करा, तुमच्याकडे माइक आहे तो पुरेसा आहे, फक्त प्रत्येक मोठा भाग दोनदा खरोखर वाजवा. गायन दिवसाला एका गाण्यापेक्षा जास्त नको, चार टेकच्या पुढे नको. उरलेले पैसे मिक्सला, आणि मिक्स करणारा माणूस असा निवडा जो तुमच्या तालमीचं रेकॉर्डिंग ऐकायला तयार आहे.

मास्टरिंग (मिक्सनंतर अल्बमची शेवटची प्रत तयार करणं) झाल्यावर सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत कान देऊन ऐका, घाईत सही करू नका. नेव्हरमाइंडच्या शेवटी शांततेनंतर येणारं ‘एंडलेस, नेमलेस’ पहिल्या खेपेच्या प्रतींवर चुकून राहून गेलं होतं, आणि ते तर जगातल्या नामांकित मास्टरिंग इंजिनिअरच्या हातून.

शेवटचं, तुमच्या पाचव्या गाण्याबद्दल. ते आईच्या खोलीत, एका गिटारवर केलेलं शांत गाणं तुम्ही स्टुडिओत पुन्हा करणार असं लिहिलंय. ‘समथिंग इन द वे’ साउंड सिटीत बँडसोबत वाजवून बघितलं तर बसत नव्हतं. शेवटी कोबेन कंट्रोल रूममधल्या सोफ्यावर आडवा पडला आणि ते कसं असायला हवं ते विगला जेमतेम ऐकू येईल इतकं हळू वाजवून दाखवलं. विगने एसी बंद केला, फोन काढून ठेवला, माइक तिथेच आणला आणि तसंच रेकॉर्ड केलं. बास आणि ड्रम त्यावर नंतर चढवले. ग्रोलला इतकं हळू वाजवणं जड गेलं, पण वाजवलं. आणि ‘पॉली’ तर त्यांनी पुन्हा केलंच नाही. मॅडिसनला १९९० मध्ये जुनाट, पाच तारांच्या स्वस्त गिटारवर झालेलं तेच रेकॉर्डिंग, चॅनिंगच्या झांजेसकट, त्यांनी ६५ हजार डॉलरच्या बजेटने सुरू झालेल्या अल्बमवर जसंच्या तसं ठेवलं. तुमच्या गाण्यात दुसऱ्या कडव्यामागे पंख्याचा आवाज येतो आणि एका जागी भांडं पडतं. ती फाइल आहे तशी मला पाठवा. एमपीथ्री नको, मूळ वेव्ह पाठवा. पंखा मी थोडा कमी करतो, भांडं राहू द्या.